माशांच्या चांदण्याचा रंग

आधी माशांचं सांगते. या सगळ्या भानगडीत माशांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि माझा संताप तिथूनच सुरू होतो.

टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीला लागून, तीन फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात एंजल मासे आहेत. चपटे, उभे, पतंगाला शेपूट लावावी तसे दिसणारे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ही टाकी घेतली. स्टेशनमास्तर म्हणून त्यांची बरीच वर्षं लहानलहान स्टेशनांवर गेली, सगळ्यात जास्त गुंजीला. तिथं गाडी गेली की मागं जंगल आणि शांतता. इथं ती शांतता मिळत नाही, म्हणून ते टाकीसमोर बसतात.

टाकीच्या झाकणाला आतून एक मोठा दिवा आहे. जेवणं झाली की आप्पा तो बंद करायचे आणि टाकीत एका क्षणात काळोख व्हायचा. बाहेर दिवस हळूहळू मावळतो, आमच्या माशांचा दिवस बटणानं मावळायचा. माशांना पापण्या नसतात, उजेड कमी होतोय हे त्यांना हळूच कळायला काही मार्ग नसतो. ते भेदरायचे, काचेवर धडकायचे. एकदा एकाचा ओठ फुटला, त्यावर पांढरी बुरशी चढली. आप्पांनी त्याला बादलीत मिठाच्या पाण्यात वेगळा ठेवून वाचवला. मग धास्तीनं ते हॉलची ट्यूब चालूच ठेवायला लागले. काचेवर शेवाळ आलं आणि आई वैतागली.

"माशांच्या झोपेसाठी माझी झोप घालवायची ही कुठली रीत?" ती म्हणाली.

यावर उपाय असतो. मोठा दिवा बंद होण्याआधी एक अगदी मंद दिवा लागतो, मोठा गेला तरी तो थोडा वेळ राहतो, माशांना आपापल्या जागा धरू देतो आणि मग स्वतःही जातो. दुकानदार त्याला मूनलाइट म्हणतात. छोटे एलईडी, बारा व्होल्टचा अडॅप्टर, वेळ लावायचा टायमर, झालं. साधी गोष्ट. आमच्या गावात साधी गोष्ट साधी राहू देत नाहीत.

मी आणि आप्पा दुकानात गेलो. दुकानदार आमच्याकडच्या सगळ्या दुकानदारांसारखा, कानडीत सुरू करून मराठीत संपवणारा.

"येन बेकू साहेब? निळा का पांढरा? लोक निळाच नेतात बघा. पाण्याला निळाच शोभतो."

"पांढरा," आप्पा म्हणाले.

ते इतक्या लवकर म्हणाले की दुकानदाराचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. ही घाई मला पाठ आहे. नवीन माणसानं आडनाव विचारलं की आप्पा ज्या घाईनं गावाचं नाव सांगतात, तीच ही घाई.

आम्ही मूळचे निपाणीचे. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आजोबा हमाली करायचे. आम्ही बौद्ध. निपाणीच्या आमच्या गल्लीत जयंतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळ्या माळा लागतात, आणि लहानपणी त्या बांधायला शिडी धरून आप्पाच उभे असायचे. पण टिळकवाडीत फ्लॅट घेतल्यापासून त्यांनी खिडकीत काही निळं येऊ दिलेलं नाही. निपाणीत जो फोटो प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर असतो, तो आमच्याकडे आतल्या खोलीत आहे. मी हजार वेळा भांडले. आप्पा म्हणतात, "फोटो हाय न्हवं घरात? मग झालं."

त्यांना काय जपायचं होतं ते मला माहीत होतं. संध्याकाळचं फिरणं. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी निवृत्त वकील आहेत, पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातले. ते आणि आणखी दोघे म्हातारे रोज मैदानाला फेऱ्या मारतात, मग बाकावर बसून राजकारणापासून मूळव्याधीपर्यंत बोलतात. आम्ही राहायला आलो त्या वर्षीच वकिलांनी आप्पांना त्यात ओढलं. रोज खालून हाक यायची, "काय स्टेशनमास्तर, सिग्नल पडला का?" आप्पा वरून ओरडायचे, "पडला, पडला." आणि धावतपळत चपला शोधायचे. त्यांनी शर्टाला इस्त्री नोकरीतही इतकी केली नसेल. वखारीतल्या बाईच्या पोराला या शहरात कुणी खालून हाक मारून बोलावतं, ही गोष्ट त्यांना पेन्शनपेक्षा मोठी वाटायची. ती गमावली तर, एवढीच त्यांची भीती. त्या भीतीपायी माणूस माशांच्या दिव्याचा रंगसुद्धा दबकत निवडतो.

दुकानातून परत येताना मी विचारलं, "पांढरा का?"

"बरा दिसतोय."

"आप्पा."

"निळा लावला की लोक वर बघत्यात. पांढरा कुणी बघत न्हाय. आपल्याला मासं दाखवायचं न्हाईत कुणाला."

ते खोटं बोलत नव्हते. आमच्या गावात रंगाला सुट्टी नसते. लाल-पिवळं म्हणजे कानडी बाजू, भगवं म्हणजे दुसरी, हिरवं तिसरी, निळं आमची. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे मराठीवाल्यांच्या काळ्या दिवशी, काळा शर्ट घालून दूध आणायला गेलात तर दूधवाला तुमचं मत ऐकल्याशिवाय पिशवी देत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात बारशाला लाल-पिवळ्या पताका आणल्या, स्वस्त मिळाल्या म्हणून, तर दोघं जण दारात येऊन विचारून गेले, "तुम्ही तिकडचे कधीपासून?" बाळ अजून पालथंही पडत नव्हतं. सीमेवर राहणाऱ्यांना हा रोगच आहे. इथं प्रत्येकाला प्रत्येक रंग वाचता येतो, आणि वाचता येतो म्हणून तो कुणीतरी लिहिलेलाच असणार, असं सगळे धरून चालतात.

जोडणी आम्ही दोघांनी केली. मी पत्रकं वाटते, मोर्चाचे भोंगे जोडते, त्यामुळे वायरींची मला भीती नाही. पण आप्पांबरोबर वायर जोडणं म्हणजे गाडी सोडण्यासारखं असतं. रेल्वेत एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, तरच ते झालं असं मानायचं. घरात गॅसचा सिलिंडर बदलतानाही आमच्याकडे हेच चालतं.

"मेन बंद?"

"मेन बंद."

"कुणी बघितलं?"

"मी बघितलं."

"काय बघितलं?"

"प्लग माझ्या हातात आहे, आप्पा."

"मग तसं सांग की."

एलईडीची अख्खी पट्टी लावायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. अख्खी पट्टी लावली की टाकीचा लग्नाचा मांडव होतो आणि मासे रात्रभर वरातीत. तीन-तीन दिव्यांचे दोन छोटे तुकडे घेतले, झाकणाच्या आत दोन टोकांना चिकटवले, म्हणजे मधे सावली राहते आणि ज्याला लपायचं आहे त्याला लपता येतं. लाल वायर लालला, काळी काळीला. उलटी जोडली तर एलईडी जळत नाहीत सहसा, पण पेटतही नाहीत, आणि मग आप्पा सगळं पहिल्यापासून म्हणायला लावतात. सांधे झाकणाच्या बाहेर काढले, त्यावर आवळणारी नळी चढवून गरम केली. अडॅप्टर टाकीपासून लांब, भिंतीवर उंच. आणि प्लगकडे जाणाऱ्या वायरीला मधे पोट सोडलं, म्हणजे चुकून पाणी वायरीवरून ओघळलं तर त्या पोटातून खाली गळतं, सॉकेटात शिरत नाही. शेवटी उजेड कमी-जास्त करायचं बटण आणि टायमर. मोठा दिवाही त्यालाच जोडला, शेवाळ धरू नये म्हणून तो आता संध्याकाळीच जाणार होता.

"चालू करू?"

"चालू कर."

"करतेय."

पांढरा उजेड लागला. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, टाकीकडे बघितलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची अर्धी नोकरी रात्रपाळीची.

"हे काय, पुरुष वॉर्ड का? आयुष्यभर असल्या उजेडाखाली जागले मी. आता टाकीला सलाइन तेवढं लावायचं ऱ्हायलंय."

"मंद करतो की," आप्पा म्हणाले.

"मंद केला की रात्रपाळीचा वॉर्ड. मला नको हॉलमध्ये. दुसरा रंग नव्हता का दुकानात?"

"निळा होता," मी म्हणाले.

"मग त्योच आणायचा की. दोघं शिकलेली माणसं गेलाता न्हवं?"

आप्पांनी खिडकीकडे बघितलं. "पडदा ओढाय लागंल मग," ते म्हणाले.

"पडदा कशाला? हवा कुठनं येणार?"

आईनं विषय संपवला. तिच्या मनात गल्ली नव्हती, माळा नव्हत्या, काही नव्हतं. तिला पांढऱ्या उजेडाचा कंटाळा आला होता. एवढंच कारण, आणि ते पुरेसं कारण आहे. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, हे कबूल. दुसऱ्या दिवशी मी पांढरे तुकडे परत देऊन निळे आणले, आणि आप्पांनी न बोलता मेन बंद केला.

निळा लागला. पाणी खोल दिसायला लागलं. मोठा दिवा गेला तरी मासे दचकले नाहीत. ते एकेक करून पानांमागं गेले आणि कल्ले हलवत थांबले. रंग कुठलाही असता तरी थांबले असते, उजेड मंद होता म्हणून. माशांना काही पडलेली नव्हती. आप्पा खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "गुंजीला असंच दिसायचं. मालगाडी निघून गेली की."

हे सुख दोनच दिवस टिकलं.

वकील जिन्यात भेटले. मी आप्पांच्या मागं भाजीची पिशवी घेऊन होते. ते हसून म्हणाले, "काय स्टेशनमास्तर, जयंतीला अजून अवकाश आहे ना?"

"माशांचा दिवा हाय साहेब," आप्पा म्हणाले. "मासं दचकत्यात अंधारात."

"हो, हो. मासे," वकील म्हणाले, आणि 'मासे' हा शब्द त्यांनी असा काही ताणला की त्यात मासा सोडून सगळं मावलं.

आप्पाही हसले. ते हसले याचा मला जास्त राग आला.

त्याच आठवड्यात बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना आली. दर्शनी खिडक्यांमध्ये रंगीत दिवे लावू नयेत, इमारतीची शोभा राहावी, सहकार्याची अपेक्षा, हात जोडलेले. कुणाचं नाव नाही. नाव न घेता बोट दाखवायची ही कला शिकायला आमच्यासारख्या पत्रकवाल्यांना जन्म जाईल. सूचना वाचत मी गॅलरीत उभी होते आणि समोर तिसऱ्या मजल्यावर दिवाळीपासून न काढलेली लाल-हिरवी माळ लुकलुकत होती. तिच्या शेजारी झेंडा होता. तो दिवा नव्हे, म्हणून चालत असावा. ती माळ म्हणजे शोभा, आणि आमचे सहा एलईडी, नखाएवढे, काचेच्या आत पाण्यावर, ते म्हणजे काय, सांगा.

मी उत्तर टाइप केलं. चांगलं लांबलचक. आप्पांनी चष्मा लावून वाचलं.

"भाषा चांगली हाय," ते म्हणाले. "टाकू नको."

"का?"

"संध्याकाळी माझी गाठ पडती त्यांच्याशी. तुझी न्हाय पडत."

मी नाही टाकलं. आतल्या आत जळत बसले.

आता आमच्या बाजूचं ऐका, कारण एकाच बाजूला झोडपायला मला कुणी शिकवलेलं नाही. चळवळीतला माझा एक मित्र, ज्याच्याबरोबर मी सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी दारोदार पत्रकं वाटलीत, संध्याकाळी मोटरसायकलवरून आमच्या रस्त्यानं गेला. वर बघितलं, फोटो काढला, स्टेटसला ठेवला: 'टिळकवाडीत निळा उजेड. आता बसा बघत.' खाली मूठ.

मी फोन केला. "ते माशांसाठी आहे रं."

"व्हय, व्हय."

"अरे खरंच. आईला पांढरा आवडला नाही. वॉर्डासारखं वाटतं म्हणाली."

"बाहेर तसंच सांग तू. आमाला कळतंय की."

"काय कळतंय?"

"तू लई हुशार हाईस एवढं कळतंय."

स्टेटस काढ म्हटलं तर म्हणाला, घाबरलीस काय. स्टेटस दुसऱ्या दिवशी आपोआप गेलं, जातंच ते. आमच्यातलं पुष्कळसं धाडस तेवढंच टिकतं. पण तोवर फोटो बिल्डिंगमध्ये पोचला होता.

मला खरा संताप आला तो या गोष्टीचा. वकिलांना सांगितलं मासे, ते हसले. मित्राला सांगितलं मासे, तोही हसला. एकाला त्यात धोका दिसला, दुसऱ्याला विजय. माझी आई, जिनं तीस-पस्तीस वर्षं लोकांना सुया टोचल्या आणि बेडपॅन उचलले, तिला आपल्या स्वतःच्या हॉलमध्ये एक रंग केवळ आवडू शकतो, हे दोघांपैकी एकालाही खरं वाटलं नाही. आम्हाला बाणा असू शकतो, आवड असू शकत नाही. आम्ही घोषणा देऊ शकतो, मासे पाळू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा शर्टाला इस्त्री करत होते. खालून हाक यायच्या वेळेला बेल वाजली. वकील वर आले होते, एकटेच.

आईनं चहा टाकला. वकील टाकीकडे पाठ करून बसले. थोडं हवेचं बोलणं झालं, मग ते म्हणाले, "स्टेशनमास्तर, मी तुमच्याच बाजूचा आहे म्हणून आलो. दुसरं कुणी आलं असतं तर वेगळ्या भाषेत बोललं असतं."

"बोला की साहेब."

"तो फोटो फिरतोय. लोक मला विचारतात, सेक्रेटरी म्हणून. मी स्वतः काही मानत नाही, तुम्हाला माहितीय. तुमच्याकडे चहा पितो, बसतो."

चहा पिण्याचं हे प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला देऊन घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईनं बिस्किटांची बशी माझ्या हातात कोंबली आणि मनगट सोडलं नाही.

"एवढंच करा," वकील म्हणाले, "तो दिवा बदला. पिवळसर पांढरा मिळतो, डोळ्यांना छान. माझ्याकडं एक पडलाय, मीच आणून देतो."

"पांढरा होता आधी," आई म्हणाली. "मीच काढाय लावला. मला दवाखान्यासारखं वाटतंय."

वकिलांनी मान कलती केली आणि हसले. "अहो वहिनी. मला सांगताय?"

आईचा हात माझ्या मनगटावरून सुटला. तिला एवढ्या सभ्यपणे खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं.

आप्पांनी इस्त्रीचा प्लग काढला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खालीच होता.

"साहेब, मला कारण सांगा."

"कसलं कारण?"

"दिवा बदलायचं. मी गुंजीला असताना एखादी गाडी थांबवली तर कंट्रोल विचारायचं, का थांबवली. कारण द्यावं लागायचं. 'तुम्हाला माहीतच हाय' असं सांगून चालायचं न्हाय."

"कारण म्हणजे… बिल्डिंगचं वातावरण."

"काय झालंय वातावरणाला?"

"लोक बोलतात हो."

"काय बोलत्यात?"

"आता ते मी माझ्या तोंडानं कशाला…"

"मग कुणाच्या तोंडानं?"

वकिलांनी आयुष्यभर कोर्टात कारणं मांडली. खऱ्याला मांडली, खोट्यालाही मांडली असतील, धंदाच तो. आमच्या हॉलमध्ये त्यांना एक कारण मांडता येईना. एक साधा शब्द होता, त्यांच्या ओठांपाशी आलेला आम्हा तिघांनाही दिसत होता. तो उच्चारला की चहा पिण्याचं प्रमाणपत्र फाटणार होतं. म्हणून त्यांनी कप उचलला, रिकामा आहे असं बघून परत ठेवला.

"निदान पडदा तरी ओढत जा," ते म्हणाले.

"हे बघा साहेब," आप्पा म्हणाले. "दुकानात मीच पांढरा मागितलता. हिला विचारा. कुणी सांगितलं न्हवतं, माझा मीच मागितलता. आज तुम्ही सांगाय आलाय. आता न्हाय जमायचं."

टायमर टिकटिकला आणि टाकीतला मोठा दिवा गेला. पाणी निळं झालं. मासे हळूहळू पानांमागं सरकले. त्यांच्याकडे वकिलांनी बघितलं नाही. ते उठले, "बघा मग, तुमची इच्छा," म्हणाले आणि जिना उतरून गेले. खालून हाक आली नाही. आप्पांनी इस्त्री केलेला शर्ट अंगात घातला. ते थोडा वेळ चपलांच्या कपाटाशी उभे राहिले, मग एकटेच निघून गेले.

ते परत आल्यावर मी म्हणाले, आता हा दिवा रात्रभर ठेवायचा. पूर्ण उजेडानं.

"का?" आप्पांनी विचारलं.

"कळू दे त्यांना."

"आणि माशांनी काय करायचं? त्यांना अंधार नको?"

"एक दिवस."

"एक दिवस न्हाय आणि एक तास न्हाय. शेवाळ धरलंय परत, बघ ते कोपऱ्यात." आणि त्यांनी उलट टायमर आणखी अलीकडे आणला. मी भांडले. दिवा लवकर गेला की खालचे म्हणणार, घाबरले. "म्हणू देत," आप्पा म्हणाले. पत्रक काढते म्हटलं, तर म्हणाले, "माशांच्या नावानं पत्रक काढायचं न्हाय. मासं काय तुझ्या संघटनेत न्हाईत." मला आजही हे पटलेलं नाही. ज्यांनी आम्हाला दिव्यावरून बोल लावला त्यांच्यावर एक ओळ नाही, आणि आमच्या घरात मात्र उजेडाची शिस्त. पण टाकी त्यांची आहे.

दिवा अजून निळाच आहे. ग्रुपवर पुन्हा सूचना आली नाही, आणि आप्पांना हाकही आली नाही. वकिलांच्या घरून संक्रांतीला तिळगूळ आला, डब्यात, वॉचमनच्या हातानं.

मध्यंतरी मी मुद्दाम मैदानावर गेले. मला बघायचं होतं. वकील आणि ते दोघे नेहमीसारखे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं चालले होते. आप्पा उलट्या दिशेनं चालले होते, एकटे, हात मागं बांधून. मला गलबलून आलं आणि मग राग आला, कारण मला गलबलण्यापेक्षा राग बरा पडतो. परतताना मी विचारलं, "सगळं मैदान एका बाजूनं चालतंय, तुम्ही उलटे का?"

"त्यांच्या बाजूनं गेलं की त्यांच्या मागं मागं चालल्यासारखं दिसतंय," आप्पा म्हणाले. "असं गेलं की दर फेरीला तोंड समोर येतंय. मग नमस्कार करायला लागतोय."

"आणि करतात?"

"ते दोघं करत्यात. आता एक जण हसतोय पण थोडं."

"आणि वकील?"

"वकील बुटाची नाडी बांधाय वाकतोय."

"दर फेरीला?"

"दर फेरीला."

"मग तुम्ही काय करता?"

"थांबतो की," आप्पा म्हणाले. "नाडी बांधून होईस्तोवर."